वर चढायचे कपडे

आमच्या भागात बाईनं नवऱ्याचा शर्ट घातला तर कुणी मान वळवून बघत नाही. कापूस वेचायला जा, सोयाबीन काढायला जा, हळद काढायला जा. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवायचा, डोक्याला रुमाल बांधायचा अन् चालू पडायचं. ऊन लागत नाही, काटा लागत नाही, साडी फाटत नाही. सासरा बघतो, दीर बघतो, सरपंच बघतो, कुणाला त्यात वावगं दिसत नाही. पण त्याच नवऱ्याची पँट घालून त्याच बांधावर उभं राहून बघा. पुरुषाचं वरचं अर्धं अंगावर घेतलं तर बाई कष्टाळू, खालचं अर्धं घेतलं तर बाई हाताबाहेर गेली. हा कायदा कुणी केला मला माहीत नाही. तो मोडायची पाळी मात्र माझ्यावर आली.

हिंगोली जिल्ह्यात डोंगरकड्याच्या बाजूला आमचं गाव. आमचा धंदा मंडप, लाइट अन् साउंडचा. लग्न असो, बारसं असो, सप्ताह असो की तेरवी, भोंगे आमचेच. मालक, म्हणजे माझे यजमान, वर चढून भोंगे अन् लाइट बांधायचे. मी घरी वायरी गुंडाळायचे अन् माइकला लागलेली पानाची लाल थुंकी पुसायचे. बरं चाललं होतं.

मग एका सप्ताहाच्या मंडपात मालक पाइपावरनं पडले. पायात स्लीपर होती अन् कमरेला काही बांधलेलं नव्हतं. खुब्यात सळई बसवली. डॉक्टरनं सांगितलं, चढणं बंद, उचलणं बंद, बसून काय करायचं ते करा. बसून साउंडचा मिक्सर चालवता येतो. कान शाबूत होते, बोटं शाबूत होती. पण भोंगा आपल्या पायानं वर जात नाही. चढायला माणूस ठेवला की तो एका लग्नाला यायचा अन् दुसऱ्या लग्नाला स्वतःच पाहुणा म्हणून जेवायला बसलेला दिसायचा. शेवटी मीच चढले. माझं माहेर सिद्धेश्वर धरणाच्या काठचं. तिथल्या एकाही चिंचेनं मला कधी खाली पाडलं नव्हतं.

त्यामुळं चढता येतं का हा सवालच नव्हता. काय घालून चढायचं, हा होता. कारण खाली माणसं असतात, अन् माणसांना मान असते.

पहिल्यांदा साडी नेसून चढले. पदर पाइपाच्या बोल्टात अडकला. मी वर, पदर बोल्टात, अन् खाली भटजी माइकवरनं मुलीच्या मामाला हाका मारून राहिला. मामा आला, मुलगी आली, अक्षता पडल्या, माझा पदर काही निघेना. सगळं लग्न मी वरनं बघितलं. मग पंजाबी ड्रेस करून बघितला. ओढणी हॅलोजनवर पडली. वरमाई दोनदा म्हणाली, "कशाचा तरी वास येऊन राहिला बाई," अन् दोन्ही वेळा मी पण इकडंतिकडं बघितलं. मॅक्सीबद्दल मी काही सांगणार नाही. त्या दिवशी वारा होता, एवढंच.

यातनं वाट काढली ती आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे माझी सासू. सगळा जन्म शेरडं-मेंढरं राखण्यात गेलेला, आवाज असा की आमच्या भोंग्यानं शिकवणी लावावी. त्या म्हणाल्या, "रानात जातीस तशी जा की. कासोटा घाल, वरनं त्याचा शर्ट घाल. रानातल्या बाईकडं कोण बघतंय?" बराबर होतं. तेव्हापासून मी लग्नात कापूस वेचायच्या कपड्यांत चढायला लागले. लोकांना वाटायचं मंडपवाल्यानं रोजानं बाई लावली. कुणी बघायचं नाही, कुणी बोलायचं नाही.

लोक काय म्हणतील याची आत्याबाईंना भारी धास्ती. मालक पडले तेव्हा त्या तिथंच, समोर कीर्तनाला बसलेल्या होत्या. त्या पडण्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. लोकांबद्दल मात्र सकाळ-संध्याकाळ बोलायच्या.

तर असं बरं चाललेलं असताना नांदेडहून एक मोठी इव्हेंटवाली मंडळी आली. औंढ्याला एका संस्थेचा कार्यक्रम होता. गाणी, नाच, सत्कार, मोठं स्टेज. लाइट बांधायला त्यांच्याकडं लोखंडी ट्रस होते, म्हणजे शिडीसारखे आडवे-उभे सांगाडे. त्यांना लांबच्या कोपऱ्यासाठी आमचे भोंगे पाहिजे होते अन् इथली चढणारी माणसं पाहिजे होती. काम पसंत पडलं तर सगळा सीझन बोलावू म्हणाले. मॅनेजर म्हणजे एक तरणा माणूस, कमरेला वॉकीटॉकी. माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, आमच्या क्रूला काळा शर्ट, काळी पँट अन् बूट लागतात. साडी चालणार नाही."

"काहून? हितं तर आजवर चालूनच राहिली," मी म्हणाले.

तो वादात पडला नाही. गाडीतनं एक पट्ट्यांचा गुंता काढला अन् माझ्या हातात दिला. सेफ्टी बेल्ट. दोन पट्टे खांद्यांवरनं, एक कमरेला, अन् दोन मांड्यांना, पायांमधनं घेऊन आवळायचे. म्हणाला, हा घातल्याशिवाय आमच्याकडं कुणी वर जात नाही. मी साडीवरच घालून दाखवला. पायातले पट्टे आवळले अन् सगळ्या निऱ्या वर येऊन पोटाशी गोळा झाल्या. लग्नात उरलेल्या भांड्यांचं गाठोडं बांधावं तशी मी त्याच्यासमोर उभी. तो हसला नाही. हे मी त्याच्या नावावर आजही जमा धरते.

"बरं, पँट समजली. पण काळीच काहून?" मी विचारलं.

"लोकांना कलाकार दिसला पाहिजे. आपण दिसायचं नाही. आपण दिसलो म्हणजे आपलं काम चुकलं."

हे मला लगेच पटलं. सासरी आल्यापासून मी दुसरं काय करून राहिले होते?

घरी आत्याबाईंना मात्र पटवायचं होतं. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी आधी काळ्याला धरलं.

"सवाशीण बाई अन् नखशिखांत काळं?"

"संक्रांतीला नेसतोच की काळी साडी."

"हाय का संक्रांत?"

संक्रांत नव्हती. मग त्यांनी बेल्ट उचलला. उलटा केला, सुलटा केला. "अगं माय, म्हशीला बी इतकं बांधत न्हाईत. अन् ह्ये ढुंगणाला आवळून, पँट घालून, तू गावाच्या डोक्यावर चढणार? औंढ्याला? तिथं सोयरे-धायरे येतेत सगळे. बोटं दाखवतील बोटं!"

माझं डोकं सटकलं. माझं लवकर सटकतं. मी म्हणाले, "मग तुमच्या लेकालाच चढवा ना वर!"

म्हणाले अन् जीभ चावली. मालक कोपऱ्यात बसून माइकच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढून राहिले होते. हात थांबला नाही त्यांचा. खाली बघूनच म्हणाले, "असा पट्टा असता तर म्या पडलोच नसतो."

आत्याबाई उठल्या अन् बाहेर शेरडांकडं गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या त्या निकाल घेऊनच आल्या. "म्या येणार औंढ्याला. बायांत बसणार. एका बी माणसानं तुज्याकडं बोट केलं, एक बी बाई हसली, तर दुसऱ्या दिवशी समदं सामान धाकल्याच्या घरी. मंग तुमी नवरा-बायको शेरडं राखा."

धाकला म्हणजे माझा दीर. हिंगोलीत डीजे लावतो, आमच्या मिक्सरवर त्याचा कधीपासून डोळा. मिक्सर गेला तर मालकांनी दिवसभर बसायचं कशासमोर? त्या मिक्सरमुळं माणूस अजून दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, गावात त्याला कुणी लंगडा म्हणत नाही, साउंडवाला म्हणतात. हे आत्याबाईंना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी शब्द टाकला की टाकला. म्हणजे मला चढायचं होतं, अन् कुणाला दिसायचं नव्हतं.

कपडे घ्यायला हिंगोलीला गेले. दुकानदारानं जेंट्स पँटी काढल्या अन् विचारलं, "भाभी, भाईसाब की कमर कितनी?"

"भाईसाब घरी हायेत. कंबर माझी हाय."

त्यानं पँटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत पँटीकडं बघितलं. पुरुषांच्या पँटी शिवणाऱ्यांनी बाई कधी बघितलेली नसावी. कमरेत बसली ती खाली अडकायची, खाली बसली तिच्या कमरेत मी अन् आत्याबाई दोघी मावलो असतो. एक घालून पायऱ्या चढून बघितल्या तर दुसऱ्याच पायरीला उसवली. ती मी घडी करून खाली ठेवली अन् तिच्यावर दुसरी ठेवली. शेवटी त्यानं आतनं काळी ट्रॅकपँट आणली. पोलीस भरतीच्या पोरी घालतात तसली, जाड, खिशाला चेन असलेली. या पोरी पहाटे आमच्या रस्त्यानं पळत असतात. आत्याबाई ओट्यावरनं त्यांना हात जोडतात, "पळा माय, फौजदार व्हा." फौजदार होणाऱ्या पोरीची पँट त्यांना दिसत नाही. सरकारी नोकरीत सगळं झाकलं जातं.

"भरती की तैयारी चालू है क्या?" दुकानदारानं बांधून देताना विचारलं. माझ्या कानामागचे पिकलेले केस दिसत होते.

"व्हय," मी म्हणाले. "यंदा निघंल वाटते."

बूट शाळेच्या पोरांच्या रांगेतले बसले, काळे कॅनव्हासचे. त्यात जोडवी रुतायला लागली, पण जोडवी काढणं म्हणजे नवीन भांडण. बोटांना कापूस लावला. मंगळसूत्र आतनं शर्टाला पिनांनी टाचलं. वेणी शर्टात सोडली. राहिल्या हातातल्या काचेच्या बांगड्या. स्टेजवर माइकजवळ हात गेला की सगळ्या मैदानाला किणकिण ऐकू जाते, अन् वर लोखंडाला लागल्या तर फुटून मनगटात घुसतात. काढायच्या तर सवाशिणीचा हात मोकळा. मालकांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला अन् वायरीला गुंडाळायची काळी टेप दोन्ही हातांच्या बांगड्यांवर घट्ट गुंडाळली. चांगली गुंडाळली, जॉइंट मारावा तशी. लग्नात हळदीला पण त्यांनी इतक्या मन लावून माझा हात धरला नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बायांच्या बाजूला पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. कार्यक्रम बघायला आलेल्या नव्हत्या त्या, मला पकडायला आल्या होत्या. शेजारच्या अनोळखी बाईशी लगेच गप्पा सुरू केल्या, पण नजर स्टेजच्या चारी कोपऱ्यांत फिरत होती. मालक मागं आपल्या भोंग्यांपाशी मिक्सर घेऊन बसले. मी वर असले की मालक कधीच वर बघत नाहीत. मिक्सरकडं बघतात. मिक्सर बंद असला तरी.

दिवस मावळला अन् कार्यक्रम चालू झाला. दोन गाण्यांच्या मधी स्टेजवर अंधार करायचे, तेवढ्यात आम्ही क्रूची माणसं जाऊन माइक बदलायचो, स्टँड हलवायचो. पहिल्यांदा गेले तेव्हा आत्याबाई हाकेच्या अंतरावर. त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं, अन् नजर तशीच पुढं गेली. दुसऱ्यांदा पण तेच. तिसऱ्यांदा मी जरा उगीचच रेंगाळले. तरी ओळखलं नाही! मला इतका आनंद झाला की काय सांगू. मिक्सर वाचला, सीझन वाचला, अन् हे बूट पण लेकाचे किती हलके असतात!

मग लहान पोरींचा नाच लागला अन् मॅनेजर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, वर बघा."

बाजूच्या उभ्या ट्रसवरचा एक मोठा लाइट ढोलाच्या दणक्यानं ढिला होऊन मान टाकायला लागला होता. खाली पोरी गोल फिरत होत्या. चढणारी दुसरी माणसं स्टेजच्या पलीकडं होती, अन् पलीकडनं यायला पोरींच्या मधनंच यावं लागलं असतं. नाच थांबवला तर सगळं मैदान वर बघणार, पोरी घाबरणार. मी पट्टे आवळले. कमरेचा, मग एका पायाचा, मग दुसऱ्या पायाचा. अन् चढले.

चढताना मला भीती वाटली नाही. बूट लोखंडाला धरत होता, पँट गुडघ्यात वाकत होती, अडकायला काही नव्हतं. बेल्टचा आकडा एका दांडीवरनं काढून वरच्या दांडीत घालायचा अन् पुढं जायचं. वर पोचले, आकडा अडकवला, दोन्ही हात सोडले अन् लाइट धरला. दोन्ही हात सोडून वर उभं राहायचं सुख मला आजवर ठाऊकच नव्हतं. लाइट तव्यासारखा तापलेला. बाह्या हातावर ओढून घेतल्या, नट आवळला, साखळीचा एक वेढा जास्तीचा टाकला. मग खाली बघितलं.

वरनं माणसांची नुसती डोकी दिसतात. सगळी डोकी स्टेजकडं होती, फक्त एक चेहरा वर होता. आत्याबाई. थेट माझ्याकडं बघत होत्या. बघता बघता त्यांनी शेजारच्या बाईचा हात धरला, तोंडात पदराचा बोळा कोंबला अन् डोळे गच्च मिटून घेतले.

संपलं, मला वाटलं. लाज वाटली त्यांना माझी. अन् खरं सांगते, मला वरच रडायला आलं. दुःखानं नाही, संतापानं. एवढं चांगलं काम चाललं होतं माझं, हात बराबर चालून राहिला होता, खाली पोरी गिरक्या घेऊन राहिल्या होत्या, अन् या बाईला माझी पँट दिसून राहिली होती. मी उतरले. मॅनेजरनं अंगठा दाखवला. मी त्याच्याकडं बघितलंच नाही.

कार्यक्रम संपल्यावर लोक जेवणाकडं पळाले. आत्याबाई जागेवरच बसून होत्या, अन् ती शेजारची बाई पण. मी कपडे बदलले नाहीत, बेल्ट पण काढला नाही. आता काय झाकायचं? व्हायचं ते होऊ दे म्हणून सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. त्यांनी मला वरनं खालपर्यंत बघितलं, तोंड बघितल्यावर ओळखलं.

"कुठं व्हतीस गं तू? म्या कवापासून हुडकून राहिले. एकदा बी दिसली न्हाईस."

मला वाटलं टोमणा आहे.

"न्हाई दिसलीस ते बरंच झालं. पर ते पोरगं पाह्यलंस का गं? त्या तिथं, त्या खांबावर चढलं बघ. एवढंसं पोरगं, किडकिडीत. कुणाचं लेकरू व्हतं, माय! वर जाऊन हात सोडून दिले की त्यानं! म्या डोळेच मिटले. म्हणलं, नागनाथा, उतरव बाबा त्याला. काहून चढवतेत अशा लेकरांला? त्याच्या मायला काळीज हाय का न्हाई? धुंडून काढ तिला, म्या बोलते तिच्याशी."

शेजारच्या बाईनं आपलं मनगट पुढं केलं. आत्याबाईंची बोटं त्याच्यावर अजून उमटलेली होती. "ते उतरंपर्यंत सोडलं न्हाई बघा यांनी," ती म्हणाली.

माझा सगळा राग कुठं गेला कळलं नाही. मी म्हणाले, "आत्याबाई, ते पोरगं न्हवतं. मी व्हते."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, खांबाकडं बघितलं, लाइटाकडं बघितलं. मग उठून माझ्याजवळ आल्या.

"पट्टा बांधला व्हतास?"

"व्हय."

"ह्योच?"

"ह्योच."

त्यांनी वाकून माझ्या मांडीचा पट्टा मुठीत धरला अन् असा हिसका मारला की मी एक पाऊल पुढं गेले. पट्टा हलला नाही. मग दुसऱ्या मांडीचा धरला अन् त्याच्याहून जोरात ओढला. मी तोल सावरायला त्यांच्याच खांद्याला धरलं. भर मैदानात, ठेवणीतल्या लुगड्यातली म्हातारी वाकलेली, अन् मी काळ्या पँटीत दोन्ही पाय फाकून उभी. ती शेजारची बाई फिसकन हसली. जेवायला निघालेल्या दोघी-तिघी थांबल्या, एकीनं आमच्याकडं बोट केलं.

झालं, आत्याबाईंची अट मोडली. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या माझ्या कमरेचा पट्टा तपासत होत्या. मान वर न करताच त्या बाईला म्हणाल्या, "हसू नको, बाई. वडून बघावं लागतंय. माजं एक लेकरू पडलेलं हाय."